‘घरी फोन लाव’ : मढ-आक्साची धाड, ऑगस्ट २०१५

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला मढला जाणारी २७१ नंबरची बस लागते. मार्वे रोड, मालवणी, मग आक्सा, एरंगळ आणि शेवटी मढ. मी मालाडलाच वाढलेय, त्यामुळे या बसच्या मागच्या सीटवर बसणारी जोडपी मी शाळेत असल्यापासून बघतेय. मुलीने ओढणी तोंडाला गुंडाळलेली असते, फक्त डोळे दिसतात, मुलगा खिडकीबाहेर बघत असतो जणू तिला ओळखतच नाही, आणि मध्ये ठेवलेल्या बॅगेखाली दोघांचे हात एकमेकांत असतात. आक्साचा स्टॉप आला की तो आधी उतरतो, ती मध्ये दोन माणसं सोडून मागून उतरते. इतकी काळजी घेऊन इतक्या लांब यायचं कारण एकच, घरी वन रूम किचनमध्ये पाच-सहा माणसं आणि बाहेर प्रत्येक नाक्यावर ओळखीचं कोणीतरी.

या बसने येणाऱ्यांचंच हे प्रकरण आहे. आता दहा वर्षं झाली, लोक विसरले, पण मला वाटतं प्रेमी जोडप्यांवर पोलिसगिरी नेमकी चालते कशी हे समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

६ ऑगस्ट २०१५, गुरुवार. मालवणी पोलिसांची पथकं मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांत आणि लॉजमध्ये शिरली, खोल्यांची दारं ठोकली आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना उचलून पोलीस स्टेशनला आणलं. बातम्यांमध्ये जे आलं त्यानुसार ही माणसं सज्ञान होती, रिसेप्शनवर आयडी दाखवून, रजिस्टरमध्ये नाव लिहून, भाडं भरून आत गेलेली. त्यांच्यावर पोलीस कायद्याचं कलम ११० लावलं, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, आणि १२०० रुपये दंड घेतला. कॉलेजची मुलंमुली होती त्यांना घरी फोन लावायला लावले. दोन दिवसांत पेपरात बोंब झाली, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी अपर आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडून चौकशीचे आदेश दिले. पोलिसांचं म्हणणं होतं की तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी होत्या, लॉजमध्ये गैरधंदे चालतात म्हणून.

आता हे कलम ११० जरा नीट वाचूया कारण सगळं त्यातच आहे. १९५१ चा कायदा, आधी मुंबई पोलीस अधिनियम म्हणायचे, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम. साध्या भाषेत त्यात काय लिहिलंय तर रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी, किंवा तिथून दिसेल अशा रीतीने कोणी मुद्दाम अंगप्रदर्शन करू नये, आणि रस्त्यात, लोकांच्या वावराच्या जागी, ऑफिसात, स्टेशनात घाणेरडी भाषा किंवा असभ्य, दंगेखोर वर्तन करू नये. कलम ११७ खाली याची शिक्षा फक्त दंड, जास्तीत जास्त १२०० रुपये. मग मला सांगा, आतून कडी लावलेली, भाड्याने घेतलेली खोली यात कुठे बसते? रस्त्यावरून ती दिसत नाही. तिथे लोकांचा वावर नाही, वावर आहे तो रिसेप्शनला आणि जिन्यात. त्या खोलीत जे काही चाललं होतं ते बाहेरच्या कोणाला दिसण्याची पहिली वेळ आली ती पोलिसांनी दार ठोकलं तेव्हा. दार ठोकेपर्यंत जो गुन्हा नव्हता तो दार उघडल्यावर कसा झाला, या प्रश्नाला मला आजतागायत कोणी सरळ उत्तर दिलेलं नाही.

आणि समजा खरंच वेश्याव्यवसायाचा संशय होता, तर त्यासाठी वेगळा कायदा आहेच, १९५६ चा, पोलिसांच्या तोंडी तो ‘पिटा’. त्याच्याखाली धाड घालायची तर त्या भागातले पंच लागतात, त्यात एक बाई लागते, झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस लागतात. ही काळजी कायद्यात मुद्दाम घातलीय कारण अशा धाडीत सापडणारी बाई बऱ्याचदा फसवून आणलेली असते. पण ज्यांना १२०० ची पावती फाडून सोडलं ती जोडपी काही पिटाची आरोपी नव्हती. संशय एका गोष्टीचा आणि पावती दुसऱ्याच गोष्टीची.

बरं, जुन्या आयपीसीत सार्वजनिक अश्लील कृत्याचं कलम २९४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९६ झालं. त्यात एक अट आहे, त्या कृत्याने इतरांना त्रास झाला पाहिजे. म्हणजे कोर्टात गेलं तर कोणीतरी पुढे येऊन सांगायला लागतं की हो मला त्रास झाला. ११० मध्ये ही अट नाही. तक्रारदार नको, साक्षीदार नको, रक्कम अशी की माणूस खिशातून काढून देईल. असलं हत्यार हाताशी असल्यावर दुसरं कशाला कोण काढेल.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. १२०० रुपये भरले की विषय संपतो म्हणतात, म्हणजे भरणारा गुन्हा कबूल करून मोकळा होतो. जोपर्यंत सगळे भरतात तोपर्यंत लॉजची खोली सार्वजनिक जागा आहे का हे कुठल्याही जजच्या टेबलावर जातच नाही. लढायचं म्हणलं तर नाव पुढे येणार, तारखा पडणार, वकील करायला लागणार, आणि पहिल्या तारखेलाच घरी कळणार. त्यामुळे कायद्याने जिंकायची पूर्ण शक्यता असलेली माणसं मान खाली घालून पावती घेऊन निघतात, आणि पुढच्या जोडप्यासाठी तेच कलम तसंच्या तसं शिल्लक राहतं.

पण पैशाचं कोणाला काय वाटत नाही हो. खरी शिक्षा त्या फोनची. ‘घरी फोन लाव.’

हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. वीस वर्षांची मुलगी कायद्याने पूर्ण मोठी आहे, तिला मत देता येतं, लग्न करता येतं, बँकेत खातं आहे, पोलिसांनी पकडलं तर कोणाला कळवायचं हे ठरवायचा हक्क तिचा आहे. पण पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर बसवून तिला बापाचा नंबर मागतात कारण त्या टेबलामागच्या माणसाला पक्कं माहीत असतं की आपण देऊ शकत नाही ती शिक्षा घरचे देतील. कॉलेज बंद होईल, मोबाईल काढून घेतील, महिन्याभरात स्थळं बघायला सुरुवात होईल, आई भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणून डोकं आपटून घेईल. आणि आपल्याकडे जात वेगळी निघाली, धर्म वेगळा निघाला तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको, पेपर उघडला की वाचायला मिळतं. मुलालाही मार पडतो, नाही असं नाही, पण तो चार दिवसांनी परत नाक्यावर उभा राहतो. तिचं शिक्षण परत सुरू होत नाही. एकाच दिवशी, एकाच खोलीतून उचललेल्या दोन माणसांना पावती सारखीच मिळते पण घरी गेल्यावर भोगायचं ते सारखं नसतं, हे त्या फोन लावायला सांगणाऱ्याला समजत नसेल असं मी मानायला तयार नाही.

माझंही एक सांगते. २००३ साल, माझा साखरपुडा झालेला, आम्ही दोघं एका समुद्रकिनाऱ्याच्या कट्ट्यावर बसलेलो, संध्याकाळचे साडेसात. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, बस, एवढंच. मागून कट्ट्याच्या दगडावर काठी आपटल्याचा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे माझ्या, खणकन्, अगदी कमरेजवळ. ‘ए, काय चाललंय इथं? कुठं राहता? घरचा नंबर सांगा.’ मी झटकन बोटातली अंगठी पुढे केली आणि म्हणाले साहेब आमची एंगेजमेंट झालीय. आजवर जर कुठल्या गोष्टीची मला लाज वाटत असेल तर ती तिथे बसल्याची नाही, अंगठी दाखवल्याची. म्हणजे मी काय सांगत होते त्यांना, की अंगठी नसती तर तुमचं बरोबर होतं? माझ्या होणाऱ्या नवऱ्याने शंभराच्या दोन नोटा काढल्या, हवालदाराने न बघता खिशात घातल्या आणि पुढच्या जोडप्याकडे गेला. आम्ही घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. चूक कोणाची नव्हती तरी दोघांनाही काहीतरी घाण अंगाला लागल्यासारखं वाटत होतं.

दोनशे रुपयांवर भागलं म्हणून आमचं नशीब. ते कुठपर्यंत जाऊ शकतं हे मुंबईने २१ एप्रिल २००५ ला बघितलंय. मरीन ड्राइव्हला मित्रमैत्रिणींबरोबर आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला तिथल्या कॉन्स्टेबलने चौकशीच्या नावाखाली चौकीत नेलं आणि भर दिवसा चौकीतच तिच्यावर बलात्कार केला. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, लोक फिरत होते. २००६ मध्ये त्याला १२ वर्षांची सक्तमजुरी झाली. मला कोणी म्हणेल की एका नराधमावरून सगळ्या खात्याला कशाला बोल लावता. खात्याला लावत नाहीये मी. पण ती मुलगी त्याच्याबरोबर चौकीत गेली कशी याचा विचार करा ना. मित्राबरोबर फिरणं म्हणजे काहीतरी चोरी आहे आणि वर्दीतला माणूस त्याचा जाब विचारू शकतो हे तिच्या, माझ्या, आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

वडोदऱ्याचं एक प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ऑक्टोबर २००१, नवरात्राचे दिवस, रात्री एकच्या सुमाराला एक तरुण त्याच्या वाग्दत्त वधूला मोटरसायकलवरून घेऊन चाललेला. पेट्रोकेमिकल कंपनीच्या टाउनशिपजवळ सीआयएसएफच्या, म्हणजे सरकारी कारखान्यांची राखण करणाऱ्या केंद्रीय दलाच्या एका जवानाने त्यांना अडवलं, प्रश्न विचारले, आणि मग म्हणाला मला हिच्याबरोबर थोडा वेळ घालवायचाय. तरुणाने विरोध केला तर म्हणाला मग दुसरं काहीतरी दे. त्याने हातातलं घड्याळ काढून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने तक्रार केली, ही फार मोठी गोष्ट आहे, बहुतेक जण करत नाहीत. जवानाला नोकरीवरून काढलं, गुजरात हायकोर्टाने २०१४ मध्ये त्याला निम्म्या मागच्या पगारासकट परत घ्यायला सांगितलं, आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द करून बडतर्फीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि जे. के. माहेश्वरी यांच्या त्या निकालात स्पष्ट आहे की हा तर पोलीसही नव्हता, आणि पोलिसांचंसुद्धा नैतिकतेची राखण करत शरीरसुख किंवा वस्तू मागणं हे काम नाही. एका घड्याळासाठी एकवीस वर्षं. मढला पकडलेली जोडपी लढायला का कचरली असतील ते यावरून समजतं मला.

आता रहिवाशांचं. त्यांची बाजू मी उडवून लावणार नाही, कारण माझी मावशी एरंगळला राहायची आणि रविवारी रात्री दारू पिऊन गाड्या उडवणारी पोरं, रस्त्यात बाटल्या, मोठ्याने गाणी हे सगळं मी तिच्या ओट्यावर बसून बघितलंय. तक्रार खरी असते. पण तक्रार दंग्याची आणि उचलून आणतात गप्प कडी लावून बसलेल्यांना, कारण दारू पिऊन गाडी हाणणाऱ्याला पकडायला रात्री अकरा वाजता नाकाबंदी लावायला लागते आणि तो उलटून भांडतो, कोणाचातरी फोन फिरवतो. लॉजमधलं जोडपं भांडत नाही. ते रडतं, पाया पडतं आणि पैसे देतं.

२०२१ मध्ये बोरिवलीला चिकूवाडीच्या एका सोसायटीने गेटसमोरच्या रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं, आठवत असेल. लॉकडाऊनमध्ये बाकी सगळं बंद, म्हणून संध्याकाळी जोडपी बाइक, गाड्या घेऊन त्या शांत रस्त्यावर यायची, आणि खिडकीतून लहान मुलं बघतात म्हणून लोक वैतागले होते. लोक हसले त्या फोटोला, पण मला ती सोसायटी पोलिसांपेक्षा बरी वाटली. त्यांनी जे नको ते तोंडावर लिहिलं, कोणाला हात लावला नाही, कोणाच्या घरी फोन केला नाही. माझा प्रश्न त्यांना एवढाच आहे की तो रस्ता महापालिकेचा, रंगवायचा हक्क तुमचा कसा? आणि त्या जोडप्यांनी तिथून उठून जायचं कुठे? बँडस्टँडला गेली तर तिथे काठी, बागेत गेली तर वॉचमन शिट्टी मारतो, लॉजवर गेली तर धाड. एका दारातून हाकलताना दुसरं एखादं तरी उघडं आहे का हे बघायला नको का.

लग्न झालेलं असलं की सुटका होते असंही नाही. दिल्लीत द्वारका मेट्रो स्टेशनजवळ एका नवरा-बायकोवर अश्लीलतेचा गुन्हा लावला होता. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टात न्यायमूर्ती मुरलीधर यांनी तो रद्द केला, म्हणाले एफआयआरमधलं सगळं खरं धरलं तरी एका तरुण विवाहित जोडप्याचं असं प्रेम व्यक्त करणं अश्लीलता कशी होईल हे समजण्यापलीकडचं आहे. निकाल चांगलाच आहे, पण त्यातला ‘विवाहित’ हा शब्द मला टोचतो, माझी अंगठी आठवते. त्यानंतर २०१९ ला मद्रास हायकोर्टाने कोइम्बतूरच्या सील केलेल्या लॉजच्या केसमध्ये हे धुकं थोडं साफ केलं, की लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषाने हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा देशात नाही.

योगायोग बघा. मढची धाड ६ तारखेला, आणि ११ ऑगस्ट २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आधारच्या खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे का हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला, कारण सरकारचं म्हणणं होतं की घटनेत असा हक्कच नाही. म्हणजे एकीकडे मालवणीत मुली बाकड्यावर बसून घरी काय सांगायचं याचा विचार करत होत्या, आणि दिल्लीत त्यांच्या बंद दाराला काही किंमत आहे की नाही यावर वाद चालला होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, आहे, मूलभूत हक्क आहे. त्यामुळे आज तशीच धाड पडली तर कोर्टात पोलिसांना २०१५ पेक्षा बरंच जड जाईल. पण कोर्टापर्यंत गेली तर. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीने मेरठमध्ये लग्न न झालेल्या जोडप्यांना रूम नाकारायला सुरुवात केली. हे तेच मेरठ जिथे डिसेंबर २००५ मध्ये गांधी पार्कात ‘ऑपरेशन मजनू’ म्हणून टीव्ही कॅमेऱ्यांसमोर पोलिसांनी जोडप्यांना थोबाडीत मारल्या होत्या. वीस वर्षांत तिथली पोरं बागेतून खोलीपर्यंत पोचली होती, ती परत बागेत.

मालवणी पोलिसांना त्या दिवशी दुसरं काही करता आलं असतं का, तर सहज आलं असतं. लॉजचं रजिस्टर तपासायचं, आयडी घेतात का, कोणी अल्पवयीन आहे का, एकाच माणसाच्या नावावर रोज चार खोल्या जातात का, हे सगळं रिसेप्शनवर उभं राहून कळतं. संशय खरा निघाला तर पिटाखाली पंच घेऊन त्या एका खोलीवर जा. बाकीच्या दारांना हात लावायची गरजच नव्हती. आणि चुकून दार वाजवलंच, आत दोन मोठी माणसं निघाली, आयडी बरोबर आहे, तर सॉरी म्हणून दार ओढून घ्यायचं. हे मी काही फार मोठं मागत नाहीये.

माझी भाची आता एकोणीस वर्षांची आहे, अंधेरीच्या कॉलेजात जाते. गेल्या पावसाळ्यात घरी आली होती, आधी इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, मावशी, पोलिसांनी अडवलं तर काय करायचं गं? मी तिला सगळं सांगितलं, कुठल्या कलमाखाली ते विचार, छातीवरच्या पट्टीचं नाव वाच, पैसे मागितले तर पावती माग, न केलेला गुन्हा कबूल केला असं लिहिलेल्या कागदावर सही करू नकोस, संध्याकाळ झाली असेल आणि पोलीस स्टेशनला चल म्हणाले तर महिला पोलीस बोलवा म्हण. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते सगळं ठीक आहे गं, पण घरी फोन लाव म्हणाले तर?

मग तिने माझ्यासमोरच फोन काढला आणि माझा नंबर ‘आई’ नावाने सेव्ह केला. खऱ्या आईचा नंबर ‘घर जुना’ म्हणून ठेवला. माझी सख्खी बहीण आहे ती, मला वाईट वाटलं, पण मी नाही म्हणाले नाही. तिच्या बापाला मी ओळखते.

अजून तसा फोन आलेला नाही. संध्याकाळी सातनंतर अनोळखी नंबर वाजला की मी गॅस बंद करते, बाल्कनीत जाते, दार ओढून घेते आणि मग उचलते.